टकल्या राजाची जोडी

शशी, तुझ्या नाटकातल्या मिशा माझ्याकडे आहेत. बुद्धवंदना आटोपल्यावर तुझ्या मुलानं, सुजितनं, पावडरच्या जुन्या डब्यात घालून त्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "काकू, हे आता तुमचं." मी डबा पर्समध्ये टाकला आणि तुमच्या खमरियाच्या क्वार्टरच्या ओट्यावर येऊन बसले. अंगणात आपली बुधवारची सगळी माणसं उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि का बघतात ते मला पक्कं ठाऊक होतं. रविवारी नाटक होतं. राजाचं काम तुझं होतं, आणि तू नसलीस तर ते करायची तुझी जोडी मी होते.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की यंदा नाटक नको. जन्मभर मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवल्यामुळे माझं साधं बोलणंही फर्मानासारखं निघतं, हे तू मला अनेकदा ऐकवलं आहेस. त्या दिवशी मात्र माझा आवाज फाटला. आपले मंत्री हलकेभैया पुढे आले, त्या आपल्या घोगऱ्या गळ्यानं म्हणाले, "मॅडमजी, अभी कुछ मत बोलिए. पानी पीजिए." मी पाणी प्याले आणि घरी आले. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडते आहे. तू समोर असताना तुझ्याशी भांडून मी कधी जिंकले नाही, आता तरी जिंकेन असं वाटलं होतं.

आपली पहिली भेट आठवते ना? कीमोच्या वॉर्डाबाहेरचा बाक. मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून, त्यावर पदर घेऊन बसले होते. शाळेतलं कुणी दिसलं तर काय, याचीच धास्ती. तू माझ्या शेजारी येऊन बसलीस ती सपशेल टकली, कपाळावर मोठी टिकली, हातात भाजलेल्या शेंगांचा पुडा. माझ्याकडे निरखून बघितलंस आणि चक्क आपल्या मराठीत विचारलंस, "काहून इतकं बांधून ठेवलं जी? एवढ्या उन्हात डोकं शिजून नाही राहिलं का?" या हिंदी मुलखात मी मराठी आहे हे तुला कसं कळलं म्हणून मी चकित झाले. तू म्हणालीस, माझ्या मंगळसूत्रावरून. मी पदर आणखी पुढे ओढला. मला तू आगाऊ वाटलीस. खरं सांगायचं तर अखेरपर्यंत तू मला थोडी आगाऊच वाटत आलीस, आणि तुझं तेच मला सर्वांत आवडायचं.

पुढच्या बुधवारी तू मला दंडाला धरून हॉस्पिटलमागच्या धर्मशाळेत नेलंस. मंडला, दिंडोरी, बालाघाटकडून आलेली माणसं तिथं सिकाईसाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, दीड-दीड महिना मुक्काम करतात. सकाळी मशीनखाली पाच-दहा मिनिटं पडायचं, आणि उरलेला सगळा दिवस भिंतीकडे बघत काढायचा. तू त्या मधल्या मोठ्या खोलीत सतरंजी टाकली होतीस. कुणी ढोलकी आणली होती, कुणी गोंडी गाणं म्हणत होतं, एक आजोबा मातीचे बैल करत होते. तू कुणालाही "बरं वाटतंय का" असं विचारत नव्हतीस. "गाता येते का? नाही? मग शिव्या तरी येते का?" असं विचारत होतीस. एका म्हातारीनं तुला खरोखरच शिव्या म्हणून दाखवल्या, आणि ती खोली किती दिवसांनी हसली असेल कोण जाणे.

नाटकाची कल्पना त्या हसण्यातूनच आली. खमरियाच्या मैदानावर जयंतीच्या नाटकात तू लहानपणापासून कामं केलेली, तीही पुरुषांची, कारण आवाज तसा आणि रुबाबही तसा. तू म्हणालीस, आपल्याकडे टकली माणसं फुकटात आहेत, मग राजा टकला का नसावा? एका रात्रीत राजाचे केस गळतात. लाजेनं तो दरबार बंद करतो. मंत्री फर्मान काढतो की राज्यातल्या प्रत्येकानं डोकं भादरून घ्यावं. राणी त्याला विरोध करते, न्हावी मालामाल होतो, आणि शेवटी राजा भर दरबारात पगडी काढून म्हणतो, "देख लो. यही सिर है, और राज इसी से चलेगा." त्या पहिल्या वर्षी तू पगडी काढलीस तेव्हा धर्मशाळेच्या अंगणात बसलेल्या बायकांनी एकेक करून आपापले स्कार्फ सोडले. मीही सोडला. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी तुझे केस परत आले होते, तरी तू ती पगडी तशीच काढलीस आणि डोक्यावरून हात फिरवून म्हणालीस, "इस साल फसल अच्छी हुई है." लोक हसून हसून लोळले. मला अजूनही ते आठवलं की हसू येतं, अगदी या आठवड्यातही आलं, आणि मग लगेच रडू आलं.

जोडीचा नियम तुझाच. आपल्या नाटकात प्रत्येक काम दोघांनी पाठ करायचं, कारण प्रयोगाच्या दिवशी कुणाच्या रक्तातल्या पेशीच खाली जातील, कुणाला ताप भरेल, कुणाला ऐन वेळी भरती करून घेतील, काही सांगता येत नाही. जो उभा राहू शकेल तो स्टेजवर जाईल, दुसरा अगदी पुढे बसेल आणि पहिला अडला तर खालून वाक्य देईल. पण तू ती जोडी नाटकापुरती ठेवली नाहीस. जोडीदारानं फोन करायचा, जोडीदारानं कीमोच्या दिवशी शेजारी बसायचं, जोडीदाराच्या जिभेला काय चालतं ते लक्षात ठेवून डबा आणायचा. कांचघर मोहल्ल्यातले दुबेजी, स्टेशनरीचं दुकान, बोलायला महा कंजूष, ते हलकेभैयांना मदन महल स्टेशनवर उतरवून घ्यायला स्कूटर घेऊन उभे राहायचे, कारण दोघं मिळून मंत्री होते. घरच्यांना जे सांगता येत नाही ते माणसं जोडीला सांगू लागली. हे तू मुद्दाम योजलं होतंस की आपोआप घडलं, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस की मुद्दाम, आणि माझा त्यावर विश्वास बसला नसता.

त्या नियमानं एकदा जो घोटाळा केला तो जगात दुसऱ्या कुठल्याही नाटकमंडळीत होणार नाही. हलकेभैया भरती होते, म्हणून दुबेजी मंत्री झाले. इकडे डॉक्टरांनी दुपारी हलकेभैयांना सोडलं, ते घरी न जाता रिक्षानं थेट आले, मागच्या दारानं शिरले, मंत्र्याचा दुसरा अंगरखा चढवला आणि आपल्या वेळेला बरोबर दरबारात दाखल झाले. तिथं दुबेजी आधीच मुजरा करत होते. दोन मंत्री एकमेकांकडे बघत उभे. पुढे बसलेली मी घामाघूम झाले. तू सिंहासनावर रेललीस, मिशीवर बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "हमारे राज में हर काम के लिए दो-दो मंत्री हैं. तभी तो कोई काम नहीं होता." त्यानंतर दोघं मंत्री अर्धं अर्धं वाक्य बोलत राहिले. पुढच्या वर्षी लोक विचारायला लागले, दो मंत्री वाला सीन है ना?

आणि मला तू तुझी जोडी का केलंस? मला अभिनय येत नाही. मी स्टेजवर गेले की माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही. उच्चार तेवढे शुद्ध. मी नको नको म्हणत होते, तेव्हा तू सगळ्यांसमोर सांगितलंस, "मॅडमजी जोडी असली ना, तर मले आजारी पडायची हिंमतच होत नाही. लोकांचे हाल होतील." सगळे हसले, मी रुसले. पण तू ते खरं करून दाखवलंस. एका वर्षी हाताला सुई टोचलेली, वर पट्टी, तशीच राजा झालीस. एका वर्षी दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यामागे बादलीत ओकत होतीस. मी खाली बसून तुझी वाक्यं ओठांत म्हणत राहायचे. इतक्या वर्षांत मला एकदाही उभं राहावं लागलं नाही, आणि दर वर्षी प्रयोग संपला की मला हायसं वाटायचं.

आता आपला तो वाद. कमलाबाईंचा.

मंडल्याच्या कमलाबाई राणी होत्या, आणि काय राणी होत्या. प्रयोगाच्या तोंडावर त्या गेल्या. मी म्हटलं, यंदा राणीचं आसन रिकामं ठेवू, वर त्यांची ओढणी घालू, सुरुवातीला दोन मिनिटं सगळे उभे राहू. तू साफ नाही म्हणालीस. त्यांची जोडी सबीना, विशीतली पोर, तिला तू राणीच्या कपड्यात उभं केलंस. ती रडत होती. मी तुला बाजूला घेऊन विचारलं की तुला काळीज आहे की नाही, माणूस गेल्यावर दोन मिनिटं उभं राहायला काय जातं? तू म्हणालीस, "तुम्ही उभ्या राहाल कमलाबाईसाठी. बाकीचे स्वतःसाठी उभे राहून राहिले असते मॅडमजी. प्रत्येक जण मनात म्हणते, पुढच्या साली माझ्यासाठी. अन खुर्ची रिकामी ठेवली तर सगळे त्या खुर्चीकडेच पाहते, नाटक कोण पाहते?" मी म्हटलं, मग कमलाबाईंचं काय, त्यांना विसरून जायचं? तू म्हणालीस, "सबीनाले पाहा. चालून कशी राहिली ते पाहा." सबीना हुबेहूब कमलाबाईंसारखी चालत होती, एक खांदा किंचित वर उचलून. पुढे बसून बसून तिनं ते उचललं होतं.

तरीही मला ते पटलं नाही. मी दर वेळी कुणी गेलं की घरी स्वयंपाकघरात एकटी दोन मिनिटं उभी राहायचे. आमचे हे विचारायचे, काय झालं, मी म्हणायचे, दूध बघतेय. तुला हे सांगायचं राहूनच गेलं. तू चिडवलं असतंस म्हणून सांगितलं नाही. कदाचित तूही कुठेतरी तशीच एकटी उभी राहत असशील. तेही आता कळायचं नाही.

तुझं दुखणं उलटलं तेव्हा तू पहिल्यांदा मला सांगितलंस, सुजितच्याही आधी, कारण जोडी. सांगून झाल्यावर लगेच नव्या न्हाव्याच्या पाठांतराची तक्रार सुरू केलीस. शेवटचं आपण भेटलो तेव्हा तू पलंगावर उशांना टेकून बसली होतीस, हात काडीसारखे, आवाज मात्र तोच. प्रयोगाला दोन आठवडेही नव्हते. तू मला विचारलं नाहीस की मॅडमजी, कराल ना? मीही म्हटलं नाही की काळजी करू नकोस, मी आहे. आपण दोघी वांग्याच्या भरतात शेंगदाण्याचं कूट घालावं की नाही यावर तावातावानं बोललो. निघताना तू म्हणालीस, "चलो, बुधवारी भेटू." तू तेव्हा बुधवारी उठून बसण्याच्याही स्थितीत नव्हतीस, हे दोघींना माहीत होतं.

तू गेल्यानंतरच्या बुधवारी मी धर्मशाळेत गेले ती नाटक रद्द करायलाच. सुजितही आला होता. त्याचा विचार वेगळा होता. "काकू, नाटक होऊ द्या. पण सिंहासन पर मम्मी का फोटो रखेंगे, हार घालून. राजाचं काम कोणीच नाही करायचं." पोरगं रात्रभर रडलेलं दिसत होतं. आणि शशी, मला ते पटलं. मला तर सुटका झाल्यासारखंच झालं. तुझा फोटो, तुझी पगडी, सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं, आणि मला स्टेजवर जायला नको. मी हो म्हणणारच होते.

तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. दिंडोरीची फूलवती तिथं उंबऱ्याशी बसली होती. ती तुला आठवेल, तालमी चालू असताना ती रोज तिथंच बसायची, आत मात्र कधी आली नाही. सिकाई चालू, डोक्यावर नवऱ्याचा गमछा बांधलेला. कधी कुणाशी बोलली नाही. सुजित फोटो, हार म्हणाला तसं तिनं नवऱ्याकडे बघितलं, जमिनीला हात टेकला आणि उठून जायला निघाली. बस, एवढंच. पण तू जे म्हणायचीस की प्रत्येक जण ते स्वतःवर घेतो, ते मी त्या वेळी डोळ्यांनी पाहिलं. मी सुजितला जवळ बसवलं आणि म्हटलं, फोटो घरी लाव बेटा, रोज लाव. सिंहासनावर मी बसेन. हलकेभैयांनी हळूच "चलिए" म्हटलं आणि ढोलकी ओढली.

रविवारी मी काय दिवे लावले ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मिशी एका बाजूनं सुटली. मी राजासारखी बसण्याऐवजी पेपर तपासायला बसल्यासारखी बसले, असं सबीना म्हणाली. मंत्र्यानं आणलेलं फर्मान मी इतक्या शुद्ध हिंदीत वाचलं की दुबेजींना पुढचं वाक्य सुचेना. लोक हसत होते, पण नको तिथं. सुजित तिसऱ्या रांगेत होता, त्याच्याकडे बघायचं मी टाळलं. मग शेवट आला. मी उभी राहिले, पगडी काढली, आणि पुढचं काही आठवेना. जे वाक्य मी इतकी वर्षं खाली बसून तुझ्याबरोबर पुटपुटत आले, तेच गेलं. मी सवयीनं पुढे बघितलं. राजाच्या जोडीची जागा. तिथं कुणीच नव्हतं. इतका विचार केला, इतकं भांडले तुझ्याशी, पण आता राजाला जोडी नाही हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं आणि बाकी कुणाच्याही. मी तशीच पगडी हातात धरून उभी. शशी, तू नाहीस हे मला त्या क्षणी कळलं. तुझ्या क्वार्टरच्या ओट्यावर कळलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि सगळं अंगण ते बघत होतं.

मागून, बायकांच्या घोळक्यातून, वैतागलेला आवाज आला. "अरे, बोलो ना! देख लो, यही सिर है..." फूलवती उभी राहिली होती. मी म्हटलं, "देख लो. यही सिर है." ती म्हणाली, "और राज..." मी म्हटलं, "और राज इसी से चलेगा." तिनं मान डोलावली, हां, असं, आणि गमछा सावरत खाली बसली. टाळ्या झाल्या. बऱ्याच झाल्या. त्या कुणासाठी होत्या याचा मी हिशेब केला नाही.

प्रयोगानंतर चहा चालला होता. मी राजाच्याच वेशात तिच्याकडे गेले. तुझ्यासारखं मला सहज काही जमत नाही, म्हणून सरळच सांगितलं की अगले साल के लिए जोड़ी चाहिए, राजा की. ती घाबरली. म्हणाली, "राजा तो आप हो. आपको कुछ हुआ है क्या?"

इतकी वर्षं जो विचार मी डोक्यात येऊ दिला नव्हता, तो मी अगदी सहज बोलून गेले. "अभी कुछ नहीं हुआ. जिस दिन होगा, तुम खड़ी हो जाना. तुम्हें हुआ तो मैं हूँ."

तिनं कपातला चहा संपवला. नवऱ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, "बुधवार को आऊँगी. पर पहले आप अपना ठीक से याद कर लो."

शशी, ती आली. उंबऱ्यापाशी चप्पल काढली आणि सरळ आत येऊन सतरंजीवर माझ्या शेजारी बसली. मी पाठ करून गेले होते.